पोटरीतला गोळा आणि विडीचा धूर
चालताना पोटरीत गोळा येतो, थांबले की उतरतो. आपण त्याला वय म्हणतो. वस्तुतः रोहिणी अरुंद होऊन स्नायूंना रक्त अपुरे पडत असल्याची ती सूचना असू शकते. रक्तावाटे येणारा प्राणवायू घटला की अंगठ्याची क्षुल्लक जखमही मलमपट्टीला दाद देत नाही. लिओ बर्गर यांनी १९०८ साली वर्णिलेला विकार तर ऐन उमेदीत, प्रामुख्याने तंबाखू ओढणाऱ्यांना गाठतो. विडी समूळ सोडली नाही, तर पाय कापण्याची वेळ येऊ शकते. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाच्या ०.९ पटीहून कमी भरला, तर अडथळ्याचा संशय घ्यावा. इतकी साधी तपासणी तालुक्याच्या रुग्णालयात सर्रास का होऊ नये? मागाहून कुबड्या वाटण्यापेक्षा हे अधिक शहाणपणाचे नव्हे काय?