पाथेय : निर्मळच्या सुकेळ्यांपासून विमानातल्या ताटापर्यंत

कार्तिकी पौर्णिमेला आपला चातुर्मास संपतो आणि त्यानंतर अकराव्या दिवशी, कार्तिक वद्य एकादशीला, वसईजवळच्या निर्मळ येथे शंकराचार्यांच्या मंदिराची यात्रा सुरू होते. यात्रा हिंदूंची खरी. पण परिसरातील ख्रिस्ती कुटुंबेही तितक्याच हौसेने तिथे येतात आणि आगाशीच्या मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनाला आलेले श्रावकही वाट वाकडी करून निर्मळच्या बाजारात डोकावतात. या बाजारातील एका जिनसेची आठवण वाचकांना मुद्दाम करून द्यावीशी वाटते, ती म्हणजे सुकेळी. वसईची राजेळी केळी पूर्ण पिकवून, सोलून, मांडवावर कित्येक दिवस उन्हात वाळवायची. ऊन उतरले की झाकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायची. मधासारखा तांबूस रंग आला की केळीच्याच वाळक्या पानात बांधून ठेवायची. त्यांत मीठ नाही, साखर नाही, तेल नाही. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्येही या भागातील सुक्या केळ्यांची नोंद आहे. फ्रीज नव्हता, डबाबंद खाद्यपदार्थ नव्हते, तेव्हा लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याच्या शिदोरीत हे फळ हमखास असे. राजेळीच्या बागा कमी झाल्या, मेहनतीला माणसे मिळेनाशी झाली आणि सुकेळी करणारी घरेही आता थोडीच उरली आहेत.

प्रवासातील अन्नाचा विचार या भूमीला नवा नाही. निर्मळच्या शेजारचे सोपारे हे प्राचीन शूर्पारक बंदर. चौदाव्या शतकातील जिनप्रभसूरींनी चौऱ्याऐंशी तीर्थांमध्ये सोपाऱ्याची गणना केली आहे. आर्य वज्रसेनसूरींची कथा येथीलच. भीषण दुष्काळ पडलेला; जिनदत्त श्रेष्ठीच्या घरी एक लाख मुद्रा मोजून मिळालेल्या तांदळाचा अखेरचा भात शिजलेला. उपासमारीने तडफडण्यापेक्षा सर्वांनी एकदाच प्राण सोडावेत म्हणून श्रेष्ठीची पत्नी ईश्वरी त्यात विष कालवणार, इतक्यात वज्रसेनसूरी गोचरीला आले. त्यांनी तिला थांबवले आणि उद्या सुकाळ होईल असे सांगितले. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली जहाजे सोपाऱ्याच्या बंदराला लागली. त्या घरातील नागेंद्र, चंद्र, निर्वृत्ती आणि विद्याधर या चार पुत्रांनी पुढे दीक्षा घेतली, त्यांच्या नावांनी चार कुळे चालली, असे परंपरा सांगते. अन्नाची प्रतीक्षा आणि दूरचा जलप्रवास या कथेत एकत्र आले आहेत.

उत्तराध्ययन सूत्रात मृगापुत्र आपल्या मातापित्यांना एक दृष्टान्त देतो. लांबच्या वाटेवर पाथेय न घेता निघालेला मनुष्य भूकतहानेने व्याकूळ होतो, पाथेय घेऊन निघालेला सुखाने जातो. तेथे पाथेय म्हणजे धर्म, हे उघडच आहे. पण दृष्टान्त ज्या व्यवहारावर उभा आहे तो व्यवहार आपण विसरत चाललो आहोत. सोपाऱ्याचे बंदर गाळाने बुजले. आता याच परिसरातील कुटुंबे मुंबईच्या विमानतळावरून सिंगापूर, लंडन, न्यू जर्सीला जातात. आजी-आजोबा नातवंडांना भेटायला जातात, तरुण जोडपी सुटी घालवायला जातात. तिकिटे, व्हिसा, परकीय चलन यांवर महिनाभर खल होतो. खाण्याचा विषय मात्र 'जैन जेवण सांगितले आहे' या एका वाक्यात संपतो.

ते वाक्य पुरेसे नाही. विमान कंपन्यांच्या विशेष भोजनांच्या यादीत जैन भोजनाला 'व्हीजेएमएल' अशी संज्ञा आहे; 'एव्हीएमएल' म्हणजे भारतीय पद्धतीचे शाकाहारी जेवण आणि त्यात कांदा-बटाटा असू शकतो. मागणी साधारणपणे उड्डाणाच्या किमान २४ तास आधी, काही कंपन्यांकडे त्याहूनही आधी, नोंदवावी लागते. मधे विमान बदलायचे असेल तर प्रत्येक टप्प्यासाठी नोंद झाली आहे ना, हे स्वतंत्रपणे पाहावे. तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसरीचे असेल, तर जी कंपनी विमान उडवणार तिच्याकडेच विचारणा करावी. नोंद हरवते ती बहुधा इथेच. 'व्हीजेएमएल'मध्ये दूध-दही असेल की नाही, हेही कंपनीगणिक बदलते. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी ताटातील डाळ आणि कच्च्या दह्याची वाटी एकत्र येणार नाही याची काळजी स्वतःच घ्यायला हवी, कारण ते बारकावे स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेले नसतात.

आता शरीराकडे वळू. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडते. आतील हवेचा दाब मात्र सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तितका राखलेला असतो. दाब कमी झाला की वायू प्रसरण पावतो, आतड्यातीलसुद्धा. पोट फुगते, अस्वस्थ वाटते, आणि घरून खाऊन निघालेले छोले किंवा कोबीची भाजी त्रास देऊ लागते. फसफसणारी पेये हा त्रास वाढवतात. आतील हवेची आर्द्रता बहुधा २० टक्क्यांहून कमी असते, त्यामुळे घसा, नाक, त्वचा कोरडी पडते. चवीचेही तसेच. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सा कंपनीसाठी २०१० मध्ये केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की कमी दाबाच्या व कोरड्या हवेत खारटपणाची जाणीव २० ते ३० टक्क्यांनी आणि गोडीची १५ ते २० टक्क्यांनी घटते. म्हणून विमानातील अन्नात मीठ-मसाला चढा असण्याकडे कल असतो आणि तो आपल्याला जाणवत नाही. रक्तदाबाच्या रुग्णाने त्या ताटातील लोणचे, पापड आणि खारे दाणे बाजूला ठेवले तरी मोठे काम होते.

निघण्यापूर्वी दोन-तीन तास आधी घरी मूगडाळीची खिचडी किंवा फुलका आणि दुधीची भाजी असे हलके जेवण घ्यावे आणि विमानात अर्ध्या भुकेने बसावे. हे सांगायला आहारतज्ज्ञच हवा असे नाही. तत्त्वार्थसूत्रातील सहा बाह्य तपांमध्ये अनशनानंतर लगेच अवमौदर्य येते, श्वेतांबर घरांत त्यालाच उणोदरी म्हणतात. भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे हे तप आकाशात जितके उपयोगी पडते तितके क्वचितच अन्यत्र पडत असेल. मग रसपरित्याग आहेच. एका प्रवासापुरते तळलेले किंवा गोड सोडले, तर तो नियमही होतो आणि पथ्यही.

शिदोरीत काय असावे? थेपले सर्वांच्या आवडीचे, पण ओलसर असल्यामुळे नियम पाळणाऱ्यांना ते दुसऱ्या दिवशी वासी होतात. भाजलेला खाखरा टिकतो. त्याची काळमर्यादा आपल्याकडे शीतकाळात ३०, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात १५ दिवस मानली आहे. शेकलेले चणे, कुरमुरे, भाजलेला मखाणा हे हलके आणि पोटभरीचे. सुका मेवा आणि सुकेळी कार्तिकी पौर्णिमेनंतर चालतात. फाल्गुन चौमासीपासून सुका मेवा सोडणाऱ्या घरांना मे महिन्याच्या सुटीत खाखरा-चण्यांवरच भिस्त ठेवावी लागेल. सुकेळी उघड्या उन्हात वाळलेली असतात, म्हणून पान सोडल्यावर प्रकाशात नीट निरखून, जयणेने घ्यावीत. मधुमेह असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. वाळवल्याने केळ्यातले पाणी जाते, साखर जात नाही. त्यामुळे एवढ्याशा तुकड्यात अख्ख्या केळ्याची साखर असते. त्यांनी अर्धे खाऊन उरलेले शेजाऱ्याला द्यावे.

रात्रिभोजनत्यागाचा प्रश्न विमानात मोठा गमतीचा होतो. जून महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास मुंबईहून लंडनला निघालेल्या विमानाबरोबर सूर्यही पश्चिमेला चालतो. प्रवासी उतरतो तेव्हा तिथे संध्याकाळ असते आणि सूर्य मावळायला अजून दोन-अडीच तास असतात. उलट सिंगापूरकडे जाताना घड्याळाच्या अपेक्षेआधीच अंधार येतो. शिवाय उंचीमुळे क्षितिज खाली जाते, म्हणून खालच्या गावात सूर्य मावळल्यावरही विमानाच्या खिडकीतून तो आणखी दहा-पंधरा मिनिटे दिसत राहतो. मग सूर्यास्त कोणता धरायचा? याचा निर्णय गुरुमहाराजांना विचारून निघण्यापूर्वीच करावा. ताट समोर आल्यावर करू नये. मला तरी जो लवकरचा असेल तो धरणे सोपे वाटते. लंडनला डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो, म्हणजे दुपारचे जेवण हेच शेवटचे; जूनमध्ये तोच नऊनंतर मावळतो आणि नियम पाळूनही रात्री नऊला भरपेट जेवता येते. नियमाचे अक्षर पाळले जाते, पोटाला मात्र विश्रांती मिळत नाही. अशा देशांत जेवणाची स्वतःची वेळ ठरवून घेणे शहाणपणाचे.

पाण्याबाबत थोडे गंभीरपणे. चौविहार करणाऱ्या वयोवृद्धांनी दहा-बारा तासांच्या रात्रीच्या उड्डाणात पाण्यावाचून बसणे धोक्याचे आहे. कोरडी हवा, न हलता बसणे आणि पाण्याची कमतरता यांमुळे पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. सूर्यास्तापूर्वी भरपूर पाणी प्यावे, मधूनमधून उठून फेरी मारावी, आणि प्रकृती साथ देत नसेल तर त्या रात्रीपुरते तिविहाराचे पच्चक्खाण घेऊन पाणी मोकळे ठेवावे. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर उपवास, चौविहार आणि बदलणारी घड्याळे यांचा मेळ डॉक्टरांशी बोलूनच घालावा. गोळी घेतली आणि जैन ताट आलेच नाही, तर रक्तातील साखर उतरून चक्कर येते. त्या वेळी हातपिशवीतील शिदोरी हेच औषध ठरते. सामानाच्या पेटीत ठेवलेली शिदोरी विमानाच्या पोटात असते, तिचा काही उपयोग नाही.

सुटीच्या ठिकाणी पोहोचल्यावर दृश्य पालटते. हल्ली जैन सहली निघतात, बरोबर महाराज म्हणजे आचारी असतो, स्वयंपाकघर असते. ही सोय अनेकांना जग दाखवते, तिच्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण सहलीतील दिनक्रम पाहावा. सकाळी फाफडा-जिलेबी, बसमध्ये चकली-शेव, दुपारी दोन मिठाया, चारला भेळ, सूर्यास्तापूर्वी घाईघाईने पावभाजी. कांदा नाही, लसूण नाही, बटाट्याऐवजी कच्चे केळे आहे. ताट निर्दोष जैन आणि तेल-साखर-मैद्याने ओथंबलेले. कंदमूळ वर्ज्य केले म्हणजे आहार सात्त्विक झाला, अशी आपली सोयीची समजूत झाली आहे. परदेशी बाजारात मिळणारी ताजी सफरचंदे, द्राक्षे, काकडी यांच्याकडे कोणी पाहत नाही, कारण सगळे पोट फरसाणाने भरलेले असते. आयोजकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की दिवसातील एक जेवण तरी साधे असावे : फुलका, उकडलेली किंवा परतलेली भाजी, मूग, फळे. पैसे तेवढेच घ्यावेत, कोणी तक्रार करणार नाही. केलीच तर पहिल्या दोन दिवसांत करील.

स्वतंत्रपणे फिरणाऱ्यांनी उपाहारगृहात 'जैन' हा शब्द न वापरता, काय नको ते स्पष्ट सांगावे : मांस, मासे, अंडे, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा. थायलंड आणि व्हिएतनाममध्ये माशांपासून केलेला द्रव भाजीतही घालतात, जपानमध्ये साध्या दिसणाऱ्या सारातही माशांचा अर्क असतो. युरोपातील अनेक चीजमध्ये वासराच्या जठरातील विकर असते. वाफवलेला भात, साधा पास्ता आणि टोमॅटो, भाजलेली भोपळी मिरची, फळे यांवर सुखाने दिवस काढता येतात.

शिदोरी नेताना त्या त्या देशाचे नियम पाहणे आवश्यक आहे. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे, त्यामुळे पेढे, बर्फी, तुपाचा डबा घरीच ठेवावा. ऑस्ट्रेलियात कोणताही खाद्यपदार्थ नेला तरी तो प्रवेशपत्रावर लिहून दाखवावाच लागतो; दडवल्यास जबर दंड होतो. अमेरिकेत ताजी फळे नेऊ नयेत. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातपिशवीत १०० मिलीलिटरहून मोठ्या बाटलीतले तूप, चटणी, लोणचे सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

आणि परतीचा प्रवास. जाताना आई किंवा सासूबाई डबे भरून देतात. येताना पेटीत चॉकलेटे आणि भेटवस्तू असतात, खायला काही नसते. परतीच्या उड्डाणाच्या जैन भोजनाची नोंद तर जातानाच विसरली गेलेली असते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी स्थानिक बाजारातून सफरचंदे, शेकलेले चणे किंवा शेंगदाणे घ्यावेत, खाखऱ्याचे एक पाकीट काळमर्यादेचा हिशोब करून पहिल्यापासून बाजूला ठेवावे, आणि रिकामी बाटली तपासणीनंतर भरून घ्यावी. उरलेली ताजी फळे विमानातच संपवावीत.