दहावीनंतरचा संभ्रम

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो: पुढे काय? पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने आयुष्याचा निर्णय आठ दिवसांत घ्यावा, अशी आपली अपेक्षा असते; आणि तो बावरला, की त्यालाच आपण धरसोडीचा ठरवतो.

वस्तुतः आधी दहा वर्षांचे सामान्य शिक्षण आणि मगच विषयांची निवड, ही कोठारी आयोगाने १९६६ साली केलेली मांडणी विचाराला अवधी देणारी होती. गुणांची टक्केवारी म्हणजेच मुलाचा कल, हे समीकरण मागाहून आपण रूढ केले.

अशा वेळी श्रेष्ठ शाखा कोणती, यापेक्षा कोणत्या वाटेवरून पुढे वळता येते, हे विचारणे अधिक उपयोगाचे. विज्ञानातून बारावी झालेल्यास कला वा वाणिज्य शाखेत जाता येते. उलट वाट जवळजवळ बंद असते. म्हणून नावडते विज्ञान रेटीत राहणे मात्र शहाणपणाचे नव्हे. नापासाचा शिक्काही वाट अडवतोच. आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यास तंत्रनिकेतनात, आणि तेथील पदविकाधारकास अभियांत्रिकी पदवीच्या, थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो. राज्यसेवेतील बहुतेक पदांना कोणत्याही शाखेची पदवी चालते.

हे जोडरस्ते शिक्षकांनी नववीच्या वर्गातच फळ्यावर मांडावेत. निवड अखेर मुलालाच करावयाची आहे. निदान ती अंधारात करावी लागू नये, एवढे तरी आपल्या हातचे आहे.