विलोचे जळण आणि आपला ऊस



अलीकडे ‘इंधनाचे पीक’ हा शब्द वारंवार कानावर येतो. कोणी हत्ती गवत लावा म्हणतो, कोणी बांबू. हवामान बिघडले आहे, कोळसा कमी जाळायचा आहे, म्हणून शेतातच जळण पिकवा, असे सांगणारी माणसे गावोगाव फिरताहेत. हा विचार मुळात कुठून आला, ज्यांनी तो आधी करून पाहिला त्यांना काय मिळाले आणि काय गमवावे लागले, हे सभासदांना माहीत असावे म्हणून हा लेख देत आहोत. युरोपात या कामी जे झाड सर्वांत जास्त लावले गेले त्याचे नाव विलो. आपल्याकडे ओढ्याकाठी, नदीकाठी वाळुंज उगवते, ते याच कुळातले. काश्मीरमध्ये क्रिकेटच्या बॅटी करतात तेही याचे भाऊबंद. जळणासाठी लावतात ती मात्र टोपल्या विणायची, लांब सरळ फोक देणारी जात.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा स्वीडन देश अडचणीत आला. थंडी कडाक्याची, घरे ऊबदार ठेवायला तेल लागायचे आणि ते सगळे बाहेरचे. तिथल्या कृषी विद्यापीठातील मंडळींनी भराभर वाढणाऱ्या झाडांवर काम सुरू केले आणि त्यातून विलोची शेती उभी राहिली. १९९१ मध्ये तिथल्या सरकारने कोळसा-तेलातून निघणाऱ्या कार्बनवर कर बसवला, तसे लाकडाचे जळण एकदम परवडू लागले. लागवडीला अनुदानही मिळाले.

आता या पिकाची रीत ऐका. ऊसवाल्याला ती परकी वाटणार नाही. विलोचे बी पेरत नाहीत, टिपरी लावतात. वर्षभराच्या फोकाचे वीतभर लांबीचे तुकडे करून वसंत ऋतूत यंत्राने जमिनीत उभे खोचतात. लागवड जोडओळीची: दोन ओळींत पाऊण मीटर, मग दीड मीटरचा पट्टा मोकळा. एकरी पाच ते सहा हजार टिपरी बसतात, म्हणजे आपल्या दोन डोळ्यांच्या टिपऱ्यांच्या निम्मीच. पहिल्या वर्षी तण फार सांभाळावे लागते. पहिल्या हिवाळ्यात सगळे फोक जमिनीलगत छाटून टाकतात. उत्पन्नासाठी नव्हे, बुडख्यातून जास्त फुटवे यावेत म्हणून. मग तीन-चार वर्षे हात लावायचा नाही. पाने गळाली, जमीन गोठून टणक झाली, की भर थंडीत तोड. त्याच बुडख्यातून पुन्हा फूट, पुन्हा तीन-चार वर्षांनी तोड. अशी वीस-पंचवीस वर्षे एकच लागण चालते. खोडव्याचा हिशेब करणाऱ्या आपल्यासारख्यांना हेवा वाटावा अशीच ही गोष्ट!

तोडणीचा प्रश्न आला तेव्हा स्वीडनच्या लोकांनी ऑस्ट्रेलियाकडे पाहिले. ऊस तोडणारे ‘ऑस्टॉफ्ट’ यंत्र नेऊन त्यात फेरफार केले आणि ते बर्फाळ शिवारात विलोवर चालवले. त्याच नावाची यंत्रे आता आपल्या फडातही दिसतात. पुढे वैरण कापायच्या मोठ्या यंत्राला विलोची कात्री बसवली गेली. ते यंत्र तोडतानाच लाकडाचे बारीक तुकडे करून ट्रॉलीत फेकते.

हवामानाला यात फायदा कसा, ते नीट समजून घेऊ. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत गाडला गेलेला कार्बन. तो जाळला की हवेत नवी भर पडते, आणि ती परत खाली जायची सोय नाही. विलो जाळला तरी धूर होतोच, पण त्यातला कार्बन झाडाने मागल्या तीन-चार वर्षांत हवेतूनच घेतलेला असतो, आणि तोडलेल्या बुडख्याची नवी फूट तो पुन्हा घेऊ लागते. म्हणजे बँकेतून काढले आणि बँकेतच भरले. शिवाय वीस वर्षे नांगरट नाही, मुळ्या जमिनीत राहतात, दरवर्षीचा पाला जागेवर पडून कुजतो. खतही धान्यपिकांपेक्षा कमी लागते. तोड पाला गळाल्यावर असल्याने पानातले नत्र शेतातच राहते, कारखान्याच्या भट्टीत जात नाही. पण हा हिशेब सगळीकडे असाच जुळतो असे नाही. कोणी उभे जंगल तोडून किंवा ओली कुरणे कोरडी करून विलो लावला, तर जमिनीत साठलेला कार्बन सुटतो आणि फायदा कितीतरी वर्षे मागे पडतो. तुकडे फार लांब वाहून नेले तरी तेच. अर्धे वजन पाण्याचे, ते ओढायला डिझेल जाते. म्हणून भट्टी शेताजवळच हवी. गव्हाणीपासून लांबच्या उसाचे दुखणे आपण जाणतोच.

स्टॉकहोमच्या पश्चिमेला एन्शोपिंग नावाचे छोटे गाव आहे. तिथली व्यवस्था आम्हाला विशेष आवडली. गावच्या सांडपाणी केंद्राशेजारी सुमारे ७५ हेक्टर विलो आहे. मैला निथळून जे नत्राने भरलेले पाणी निघते, ते पूर्वी शुद्ध करायला खर्च यायचा आणि उरलेले नत्र तळ्यात जायचे. आता ते पाणी हिवाळाभर तलावात साठवतात आणि उन्हाळ्यात नळ्यांनी विलोला देतात. विलो नत्र खातो, वाढतो. मग तोच विलो गावच्या वीज आणि गरम पाण्याच्या केंद्रात जळतो आणि राख गाळात मिसळून पुन्हा शेतात येते. विलो खाण्याचे पीक नाही, म्हणून असे पाणी देताना मनात किंतु राहत नाही. गाव, शेतकरी आणि भट्टी तिघांचे गणित एकमेकांत अडकलेले आहे, म्हणून ते टिकले.

सगळीकडे मात्र असे झाले नाही. स्वीडनमध्ये क्षेत्र पंधरा हजार हेक्टरच्या आसपास गेले आणि तिथेच अडले, पुढे उतरले. अनुदान आहे म्हणून काहींनी हलक्या रानात लावला आणि पहिल्या वर्षीच्या तणाकडे पाहिले नाही. त्यांचे पीक उठलेच नाही. १९९५ साली देश युरोपीय संघात गेला, नियम बदलले, धान्याचे भाव चढले, तशी बऱ्याच जणांनी विलो मोडून पुन्हा धान्य धरले.

इंग्लंडमधली हकीकत त्याहून वाईट. यॉर्कशायरमधील एगबरो येथे विलोपासून गॅस आणि गॅसपासून वीज करणारे आठ मेगावॉटचे केंद्र उभारले गेले. आसपासच्या शेतकऱ्यांशी करार झाले, हजार हेक्टरांहून जास्त लागवड झाली. केंद्र जेमतेम चालले आणि २००२ साली कंपनी दिवाळ्यात गेली. शेतात उभे पीक, आणि घेणारा कोणी नाही. ऊस एक वेळ दुसऱ्या कारखान्याला देता येतो, गुऱ्हाळात गाळता येतो, अगदीच झाले तर जनावरांपुढे टाकता येतो. विलोच्या फोकांचे काय करायचे? आणि मोडायचा म्हटले तर बुडखे काढायला पुन्हा खर्च.

रोगाची बाजूही पाहा. विलोवर तांबेरा येतो आणि एकाच जातीचे मोठे रान असेल तर झपाट्याने पसरतो. म्हणून तिकडे एकाच शेतात चार-सहा जाती मिसळून लावतात. आपल्याकडील जुन्या मंडळींना सुबाभूळ आठवत असेल. चारा, जळण, सगळे देणारे झाड म्हणून गाजले, आणि १९८८ च्या सुमारास सायला किडीने त्याचे शेंडे जाळले.

मग सभासदांनी विलो लावावा का? नाही. हे थंड मुलखाचे झाड. हिवाळ्यात पाने टाकून निजणारे, भरपूर ओल मागणारे. आपल्या मे महिन्यात ते पाण्यावाचून टिकणार नाही, आणि पाणीच द्यायचे तर ते जळणाला का द्यावे?

त्यापेक्षा एक साधा हिशेब मांडू. विलोचे चांगले उत्पन्न हेक्टरी वर्षाला सहा ते बारा टन वाळके लाकूड, म्हणजे एकरी अडीच ते पाच टन. आता एकरी ४० टन ऊस धरा. त्याचा बगॅस शेकडा २८ प्रमाणे सव्वाअकरा टन निघतो. त्यात निम्मे पाणी, तेव्हा वाळके वजन साडेपाच टनांच्या वर. म्हणजे साखर देऊन झाल्यावर जे चिपाड उरते, तेच विलोच्या भरघोस पिकाला भारी आहे. पाणी ऊस जास्त पितो, हे खरे आणि ते झाकायचे कारण नाही. पण जळणाचे पीक आपल्या रानात आधीपासूनच उभे आहे. सहवीज प्रकल्पाच्या बॉयलरला जे जाते ते हेच.

राहिले पाचट. विलोवाला पाला रानात ठेवतो आणि लाकूड जाळतो. आपल्यातील कितीतरी जण तोडणी झाली की काडी लावून मोकळे होतात. त्याने ना वीज मिळते ना खत. नत्र आणि सेंद्रिय भाग धुरात जातो, बुडखे भाजतात, खोडवा विरळ फुटतो. पाचट सरीत दाबून बुडखे जमिनीलगत छाटा. पहिली दोन पाणी पाळ्या जरा सावकाश लागतात, त्याला इलाज नाही. पण पुढे ओल टिकते आणि खुरपणी वाचते.

उद्या कोणी गवताचा, बांबूचा वा आणखी कशाचा करार घेऊन दारात आला, तर सही करण्यापूर्वी एवढे विचारा: भट्टी उभी आहे की अजून कागदावर आहे, ती आपल्या रानापासून किती मैलांवर, भाव ओल्या वजनावर की वाळक्या, तोडणी-वाहतूक कोणाच्या अंगावर, आणि कंपनी बंद पडली तर बुडखे कोण काढणार. उत्तरे लेखी घ्या. करार वाचून समजला नाही तर तो घेऊन शेतकी ऑफिसात या, आपण बसून वाचू.