आधी शिकवणारा, मग हरवणारा!

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. वय अवघं एकोणीस! अंतिम फेरीत समोर होती आपलीच कोनेरू हंपी. तेव्हापासून 'आई, मलाही बुद्धिबळ शिकायचंय' असा हट्ट तुमच्याही घरी सुरू असेल. पण गावात क्लास नाही, घरात खेळता येणारं कुणी नाही. मग उरतो तो कॉम्प्युटर, नाहीतर मोबाइल. तिथं तर बुद्धिबळाचे ढीगभर प्रोग्रॅम! त्यातला निवडायचा कुठला?

मैत्रिणींनो, कॉम्प्युटर चांगला खेळतो का, हा प्रश्नच आता उरलेला नाही. 'डीप ब्लू'नं १९९७ मध्येच जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं. आज फुकट मिळणारा 'स्टॉकफिश' भल्याभल्या ग्रँडमास्टरांना भारी पडतो. तेव्हा 'सर्वांत ताकदवान' या जाहिरातीला भुलू नका. ओळीनं दहा डाव हरलं, की सात वर्षांचं पोर पट गुंडाळून ठेवतं, ते कायमचंच. त्यात मुलगी असली, तर 'जाऊ दे, तिला नाही जमायचं' म्हणायला घरातले तयारच असतात!

मग पाहायचं काय?

शिकवतो का? 'लिचेस'वर शिकण्याचा वेगळा विभाग आहे. एकेका मोहऱ्यानं पटावरच्या चांदण्या गोळा करायच्या. घोड्याची अडीच घरं मुलं खेळता खेळता शिकतात. तो पूर्ण मोफत आहे, जाहिरातीही नाहीत.

सोपा करता येतो का? लिचेसवर कॉम्प्युटरच्या आठ पायऱ्या आहेत. पहिलीपासूनच सुरुवात करा. निम्मे डाव जिंकायला लागली, की मगच पुढची पायरी. चुकलेली चाल मागं घेता येते का, तेही बघा.

अनोळखी माणसं बोलू शकतात का? हे सगळ्यांत महत्त्वाचं. 'चेसकिड' खास मुलांसाठी आहे, तिथं कुणालाही मोकळ्या गप्पा मारता येत नाहीत. लिचेसच्या खात्यातही मुलांसाठीची सोय आहे, ती चालू केली की गप्पा बंद. खातं उघडताना खरं नाव, शाळा, फोटो काहीही देऊ नका.

पैसे कधी? 'चेस डॉट कॉम' फुकट वापरता येतं, पण रोजच्या कोड्यांना मर्यादा असते. जास्त हवं तर वर्गणी भरा, म्हणतात. पहिले सहा महिने तरी एक रुपयाही खर्चायची गरज नाही.

नेट सारखं जातंय? घरी विंडोजचा कॉम्प्युटर असेल तर 'लुकास चेस' एकदा उतरवून घ्या. तोही मोफत आहे, नेटशिवाय चालतो आणि त्यात अगदी कच्चे खेळाडूही आहेत.

दोन गोष्टींनी मात्र गोंधळ उडतो. स्क्रीनवर 'के' म्हणजे राजा आणि 'एन' म्हणजे घोडा. 'क्यू' वजीर, 'आर' हत्ती, 'बी' उंट. आणि आजोबांच्या देशी पद्धतीत प्यादं एकेकच घर चालतं, कॉम्प्युटरवर मात्र पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं. तेव्हा 'कॉम्प्युटर चुकतोय' म्हणून आजोबा आणि नात भांडायला लागले, तर दोघांचंही बरोबर आहे, असं सांगून टाका!

आणखी एक. सोप्या पायरीवरचा कॉम्प्युटर नवशिक्या माणसासारखा खेळत नाही. चार चाली पक्क्या खेळतो आणि मध्येच वजीर फुकट देऊन टाकतो. त्याच्याशीच खेळत राहिलं, की मूल समोरच्याच्या चुकीची वाट बघायला शिकतं. म्हणून रोज अर्धा तासच स्क्रीन. त्यात एका चालीत मात करायची पाच-दहा कोडी आणि एक डाव. मग खरा पट मांडायचा.

समोर बसायचं कुणी? तुम्हीच! वासंती, जयश्री आणि रोहिणी या मुंबईच्या खाडिलकर बहिणींनी १९७४ पासून महिलांचं राष्ट्रीय अजिंक्यपद घरातच ठेवलं होतं. तेव्हा कुठला आलाय घरात कॉम्प्युटर? त्यांना एकमेकींची सोबत होती. चांदण्या गोळा करायचे धडे लेकीबरोबर तुम्हीही गिरवा. आठवड्याभरात सोंगट्या चालवता येतील. आणि लेकीनं तुम्हाला पहिल्यांदा 'शहमात!' म्हटलं, की समजा, निवड बरोबर झाली.