लायसन्स काढावे की पहाणी वाचायला शिकावे?

मादन हिप्परगा परिसरातल्या घरांत हल्ली दोन पैसे शिल्लक पडले की बोलणे जागेवर येते. मुलगा पुण्याला कंपनीत, जावई सोलापुरात. गावी शेत आहेच, तेव्हा आळंदला, कलबुर्गीला किंवा पलीकडे उमरग्याला एखादा प्लॉट घेऊन टाकावा, असा विचार होतो. माझ्या भाच्याने तर मागेच विचारले, "मामा, दरवेळी दलालाला दोन टक्के देण्यापेक्षा मीच एजंटचे लायसन्स काढले तर?" प्रश्न एकट्या त्याचा नाही, म्हणून इथे लिहितो.

कायदा काय म्हणतो?

ज्याला आपण लायसन्स म्हणतो ती खरे तर 'रेरा'कडची नोंदणी आहे. केंद्राचा हा कायदा 2016 साली झाला आणि 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला. नोंदणी झालेल्या प्रकल्पातला प्लॉट वा फ्लॅट जो दुसऱ्यासाठी विकून देतो किंवा घेऊन देतो, तो एजंट. त्याला नोंदणीवाचून हे काम करता येत नाही. केल्यास दिवसाला 10 हजार रुपये, आणि एकूण त्या मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण स्वतःच्या पैशाने स्वतःच्या नावावर प्लॉट घेणारा आणि पुढे तोच विकणारा माणूस एजंट ठरत नाही. त्याला लायसन्सची गरज नाही. नुसत्या शेतजमिनीच्या खरेदी-विक्रीलाही ही नोंदणी लागत नाही. मात्र तिथे रेराचे संरक्षणही मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

तिसरा प्रकार जास्त नाजूक आहे. चार मित्र मिळून एकरभर रान घेतात, त्याचे प्लॉट पाडतात आणि विकतात. त्यांना वाटते, आपण गुंतवणूकदार. कायद्याच्या लेखी ते प्रवर्तक, म्हणजे बिल्डरच. जागा 500 चौरस मीटरपेक्षा जास्त असली की प्रकल्पाची नोंदणी लागते. 500 चौरस मीटर म्हणजे पाच गुंठेही भरत नाहीत आणि एकर तर 40 गुंठ्यांचा. नोंदणी टाळली तर प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड आहे. एजंटचे लायसन्स खिशात असले तरी इथे ते उपयोगी पडत नाही.

हिशेब करून पाहा

कर्नाटकात एका व्यक्तीला एजंट नोंदणीची फी 25 हजार रुपये आहे आणि मुदत पाच वर्षांची. महाराष्ट्रात फी 10 हजार, पण 2023 पासून तिथे प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. शिवाय नोंदणी ज्या त्या राज्यापुरतीच. आळंदचा एजंट उमरग्यात किंवा अक्कलकोटला त्याच नंबरावर काम करू शकत नाही. आपल्या सीमेवरच्या माणसाला दोन्हीकडे धंदा करायचा तर दोन नोंदण्या हव्यात.

आता आठ लाखांचा प्लॉट धरा. दोन टक्के म्हणजे 16 हजार. पाच वर्षांत एकच प्लॉट घेणाऱ्याला 25 हजारांची नोंदणी परवडत नाही. वर हिशेबाच्या वह्या ठेवणे, प्रत्येक व्यवहारात नंबर लिहिणे, गिऱ्हाईकाला सगळी कागदपत्रे देणे ही बंधने आहेतच. ज्याला हाच धंदा म्हणून करायचा आहे, त्याने मात्र नोंदणी जरूर करावी. त्यात त्याची पत आहे, आणि गिऱ्हाईकाला त्याच्याविरुद्ध दाद मागायला जागा राहते.

एका माणसाच्या दोन टोप्या

पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. गुंतवणूकदाराला जागा स्वस्तात हवी असते. विकणाऱ्याच्या एजंटाने मात्र भाव जास्त मिळवून द्यायचा असतो. एकाच माणसाने दोन्ही टोप्या घातल्या की कोणाचे तरी नुकसान ठरलेले.

माझ्या आत्याच्या बाबतीत हेच झाले. विधवा बाई, वाचता येत होते ते मराठी. विकून देतो म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाने जमीन आपल्याच नातलगाच्या नावे घेतली आणि वर तिच्याकडून दलालीही घेतली. कागद कानडीत होते. त्याने तोंडी सांगितले तेवढेच तिला कळले. खोटी सही नव्हती की बनावट शिक्का नव्हता. पण पुढे ती जमीन काय भावाने गेली ते समजल्यावर आत्याने त्या घरचे लग्नकार्यही सोडले.

म्हणून भाच्याला मी सांगितले: लायसन्स काढ किंवा काढू नकोस, पण ज्याची जमीन विकून द्यायची, ती स्वतः घ्यायची नाही. घ्यायचीच असेल तर आधी तोंडावर सांगायचे आणि दलाली सोडायची.

घरातच असलेला दुभाषा

आपल्या घरांत आजी-आजोबा मराठी वाचतात, नातवंडे कानडी शाळेत शिकतात. जुने कागद निजामी काळातले, काही तर उर्दूतले. पहाणी कानडीत. या फटीतच दलालाचे फावते. तेव्हा मुलांना इतके तरी शिकवा: पहाणीच्या नवव्या रकान्यात मालकाचे नाव असते, अकराव्यात बोजा. बँकेचे वा सोसायटीचे कर्ज तिथे दिसते. उपनोंदणी कार्यालयातून बोजा दाखला काढावा. नोंदी असतील तर फॉर्म 15 मिळतो, नसतील तर फॉर्म 16. सर्व्हे नंबराचा तुकडाच घ्यायचा असेल तर 11-ई नकाशा मागावा. प्लॉट असेल तर बिगरशेतीचा आदेश आणि रेराचा नंबर पाहावा.

नुसत्या मुखत्यारपत्रावर व्यवहार करू नये. त्याने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितले आहे. इसाराची रक्कम 20 हजार किंवा त्यावर असेल तर ती रोखीने घेता येत नाही, हा आयकराचा नियम 2015 पासून आहे. आणि वडिलोपार्जित जमीन असेल तर बहिणींना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. "अक्काचे काय, ती सही करेल," असे म्हणणाऱ्याचा प्लॉट घेऊ नये.

मराठीत म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. कानडीत तर अजून कडक आहे: गेद्दवनु सोत, सोतवनु सत्त. जिंकला तो हरला, हरला तो मेला. ज्याला दलालीचा धंदा करायचा आहे त्याने लायसन्स काढावे. बाकीच्यांनी येत्या रविवारी घरची पहाणी काढावी, शाळकरी नातीला ती मोठ्याने वाचायला सांगावी आणि आजीला मराठीत समजावून द्यावी. नवव्या रकान्यातली नावे ऐकून आजी कोणाची आठवण काढते, तेही लिहून ठेवावे. पुढच्या खरेदीखताला ती नावे लागतील.