काढ्याचं काम किती?

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरसारख्या गावात कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटेचा गारठा वाढला की घराघरांत नाकं वाहायला लागतात आणि गंजात पाणी चढतं. खलबत्त्यात ठेचलेली सुंठ नाहीतर अद्रक, पाच-सात काळी मिरी, दालचिनीचा तुकडा, गुळाचा खडा. मंद आचेवर पाणी निम्म्यावर येईतो उकळायचं, तुळशीची पानं शेवटी टाकून झाकण ठेवायचं, गाळून गरम गरम प्यायचं आणि डोक्यावरून गोधडी घेऊन पडायचं. जेवायला फक्त पेज किंवा ज्वारीच्या कण्या. तेलकट, थंड काही नाही. या साऱ्याला आपण ‘आजीबाईचा बटवा’ म्हणतो आणि तो खास आपला समजतो. पण सुमारे अठराशे वर्षांपूर्वी चीनमध्ये झांग झोंगजिंग या वैद्याने थंडी बाधून आलेल्या तापावर जो काढा सांगितला, त्याची कृती वाचली तर हे स्वयंपाकघर ओळखीचं वाटतं. दालचिनीच्या कोवळ्या डहाळ्या, पिओनीचं मूळ, ज्येष्ठमध, आलं आणि बारा लाल बोरं. सात मापं पाणी मंद आचेवर आटवून तीन मापं करायचं. एक माप प्यायल्यावर थोड्या वेळाने वाडगाभर गरम पातळ पेज घ्यायची आणि पांघरूण घेऊन निजायचं. घाम अंगभर बारीक सुटावा, पाण्यासारखा वाहू नये. एका मापात घाम आला तर उरलेला काढा घ्यायचाच नाही. कच्चं, थंड, तेलकट, मांस, दारू वर्ज्य.

दोन दूरच्या लोकांनी एकच गोष्ट शोधली म्हणजे ती खरीच असणार, असा निष्कर्ष इथे लगेच काढला जातो. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. दोघांनी जे शोधलं ते सर्दीचं औषध नाही. सर्दी झालेल्या माणसाला सांभाळायची पद्धत आहे. तिची किंमत कमी नाही, पण ती औषध म्हणून लावली की हिशेब चुकतो. साधी सर्दी बहुतेकांची आठ-दहा दिवसांत आपोआप जाते. तिसऱ्या दिवशी, त्रास टिपेला असताना, घेतलेल्या कुठल्याही गोष्टीला चौथ्या-पाचव्या दिवशी यश मिळणारच, मग तो काढा असो, गोळी असो की गरम फुटाण्यांचा वास. नुसत्या अनुभवावर विसंबणाऱ्याची फसगत होते ती इथेच, आणि त्यात तो अडाणी असण्याचा काही संबंध नसतो.

मग काढा करतो काय? ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात सर्दी झालेल्या तीस जणांवर एक प्रयोग झाला आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औषध नव्हतंच. सफरचंद आणि ब्लॅककरंटचं साधं सरबत, गरम किंवा खोलीच्या तापमानाचं. नाकातून किती हवा जाते हे यंत्राने मोजलं, तर गरम पेयाने त्यात फरक पडला नाही. पण माणसांना बरं वाटलं, आणि घसादुखी, अंगातली थंडी, थकवा या तक्रारींत तर गरम पेयानेच आराम पडला. छातीला चोळायच्या मलमातला मेंथॉलही असंच करतो: नाक तेवढंच चोंदलेलं राहतं, मोकळं झाल्याची जाणीव मात्र होते. ‘नुसती जाणीवच ना’ असं म्हणून हे उडवून लावू नये. रात्री झोप लागणं, घशाखाली चार घोट जाणं, तापात पाणी पोटात राहणं, आणि घरच्यांनी पांघरूण घातल्यामुळे दुसऱ्या दिवशी वेचणीला न जाणं, या सगळ्याचा आजाऱ्याला उपयोगच होतो. चिनी कृतीतली पेज आणि पांघरूण मला त्यातल्या डहाळ्यांपेक्षा महत्त्वाची वाटतात, ती यामुळेच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: वनस्पतींत गुण नाहीत का? आहेत, आणि भरपूर आहेत. चिनी वैद्य दम्यात आणि सर्दीत वापरत आले त्या ‘मा हुआंग’मधून नागाई नागायोशी या जपानी शास्त्रज्ञाने 1885 मध्ये एफेड्रिन वेगळं काढलं, ते श्वासनलिका खरोखर मोकळ्या करतं. आपल्या कुंपणाच्या अडुळशात वासिसिन आहे, आणि त्याच्याच धर्तीवर तयार झालेलं ब्रोमहेक्सिन आज कफ पातळ करणाऱ्या कितीतरी सिरपांत असतं. मसाल्यातलं चक्रीफूल तर मूळचं चीनकडचंच. त्यातल्या शिकिमिक आम्लापासून ऑसेल्टामिविर, म्हणजे टॅमिफ्लू, बनवता येतं. 2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने थैमान घातलं तेव्हा ज्या गोळीचं नाव घरोघरी पोचलं तीच ही. पण शिकिमिक आम्ल म्हणजे टॅमिफ्लू नव्हे. कारखान्यात त्यावर एकामागून एक रासायनिक क्रिया होतात तेव्हा विषाणूला अडवणारा पदार्थ तयार होतो. चक्रीफूल उकळून प्यायल्याने मसालेभाताचा वास येईल, फ्लू अडणार नाही. आणि ती गोळीसुद्धा पहिल्या 48 तासांत घेतली तर सर्वसाधारण रुग्णाचा आजार जेमतेम एखाद्या दिवसाने कमी करते. वनस्पतीत गुण असणं आणि त्या वनस्पतीच्या पेलाभर काढ्यात तो पुरेसा उतरणं, यांत मात्रेचं अंतर आहे.

हे अंतर किती असतं ते वर्धा जिल्ह्यातल्याच उदाहरणावरून काढता येतं. वडनेरच्या शेजारच्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यातलं कर्क्युमिन सहा टक्क्यांच्या घरात सांगतात, म्हणजे पुष्कळच. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं की मिरीतल्या पायपरिनसोबत कर्क्युमिन रक्तात कितीतरी जास्त उतरतं. हळदीच्या दुधात मिरी घालणाऱ्या आजीची बाजू इथे भक्कम होते. पण त्या प्रयोगात माणसांना एका वेळी दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं. चहाचा चमचाभर, म्हणजे तीनेक ग्रॅम वायगाव हळदीत ते फार तर 180 मिलिग्रॅम भरेल. दोन ग्रॅम गाठायचे तर दुधात अकरा चमचे हळद घालावी लागेल. ते कोण पिणार! आणि प्रयोग रक्तात किती उतरतं याचा होता, सर्दी जाते का याचा नव्हताच.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो आणि तो जास्त वजनाचा आहे. चिनी वैद्यक सगळ्या सर्दीला एकच काढा देत नाही. थंडी वाजून नाक पाण्यासारखं वाहत असेल तर दालचिनी-आल्याचा उष्ण काढा. घसा लाल, ताप जास्त, तहान असेल तर हनिसकल, फोर्सिथिया, पुदिन्याचा ‘यिन च्याओ’, जो वू जुतोंग या वैद्याने 1798 मध्ये सांगितला. तो फार उकळायचा नाही, सुगंध दरवळला की उतरवायचा. तुळस शेवटी टाकून झाकण ठेवण्यामागे तोच शहाणपणा आहे, कारण उडून जाणारं तेल वाफेबरोबर जातं. आपल्याकडेही वैद्य प्रकृती पाहूनच देतात. तेव्हा सरसकट चाचणी लावणं अन्यायाचं, असं म्हणतात. पण चाचणी सरसकटच असावी लागते असं कुठे आहे? वैद्याने प्रत्येकाला त्याच्या लक्षणांप्रमाणे काढा लिहून द्यावा; निम्म्यांना तो मिळावा, निम्म्यांना तशाच रंगाचा, कडू, पण निर्गुण; कोणाला काय मिळालं हे मोजणाऱ्याला माहीत नसावं. एवढं केलं की वैद्याची निवडही तपासली जाते. सर्दीवरच्या चिनी औषधांच्या चाचण्या, असे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन गटाने 2007 मध्ये एकत्र पाहिल्या तेव्हा बहुतेकांची आखणी इतकी कच्ची निघाली की कुठल्याच औषधाची शिफारस करता आली नाही. आपल्या आयुष मंत्रालयाने 2020 मध्ये तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक असं काढ्याचं प्रमाण जाहीर केलं. प्रमाण ठरवणं चांगलंच, पण परिणाम मोजायचं काम त्याने होत नाही. मोजणं म्हणजे काय ते इथे दिसतं: मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना 2015 चं नोबेल मिळालं ते जुन्या ग्रंथावर विश्वास ठेवला म्हणून नव्हे. चौथ्या शतकातल्या ग्रंथात, हे औषध जिच्यातून निघतं ती वनस्पती उकळायला नव्हे, पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. ते पाहून त्यांनी कमी तापमानावर अर्क काढला, उंदरांवर आणि माणसांवर तपासला, आणि मगच दावा केला.

उरतो तो ‘घेतला तर बिघडतं काय’ हा प्रश्न. सुंठ-तुळशीच्या पेल्याने सहसा काही बिघडत नाही. मध मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नये. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला विषबाधा होऊ शकते. मा हुआंग रक्तदाब चढवतं; अमेरिकेने 2004 मध्ये त्याच्या गोळ्या-चूर्णांवर बंदी घातली. करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे महिनोन्‌महिने पिणाऱ्या मुंबईच्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलं. ती वनस्पती गुळवेलच होती का, यावर आयुष मंत्रालयाने शंका घेतली. वाद असला तरी रोज पिण्याची सवय सोडायला तेवढं कारण पुरेसं आहे. पण विदर्भात खरा धोका काढ्याचा नाही, वाट पाहण्याचा आहे. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसने माणसं दगावली. धुऱ्यावरच्या गवतातल्या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून तो येतो, आणि सुरुवात थेट फ्लूसारखीच असते: ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं. काख, जांघ, कमरेचा पट्टा अशा झाकल्या जागी कधी काळी खपली दिसते, कधी नाही. डॉक्सिसायक्लिन हे साधं, स्वस्त औषध वेळेवर दिलं तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू यांपैकी काहीही त्याच्या तावडीत सापडतं. म्हणून पावसाळ्यानंतर नाक न वाहता चढलेला आणि तिसऱ्या दिवशीही न उतरलेला ताप असेल, तर कपडे काढून अंग नीट पाहावं आणि दवाखाना गाठावा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय जिल्ह्यातच आहे. तिथे गेल्यावर काढ्यात काय काय होतं आणि किती दिवस घेतला, तेही न लपवता सांगावं.