साल्हेर: पाण्याच्या मापाने पाहुणचार

बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या सटाण्याहून ताहाराबाद-मुल्हेरमार्गे पश्चिमेला जाणारा रस्ता साल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी पोहोचतो. सुमारे १५६७ मीटर उंचीचा हा गिरिदुर्ग महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला असून, परशुरामाचे लहानसे मंदिर असलेला त्याचा माथा कळसूबाईखालोखाल राज्यातील दुसरे उंच शिखर मानला जातो. १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगल फौजेला खुल्या मैदानात हरवले ते याच परिसरात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून स्वीकारले, त्यांत साल्हेरही आहे, आणि खरा प्रश्न तेथून सुरू होतो: वाढणारी गर्दी हा गड किती पेलू शकेल?

स्थळाची झीज होऊ न देता उत्पन्नाचा वाटा तेथील रहिवाशांच्या हाती ठेवणारे पर्यटन म्हणजे शाश्वत पर्यटन; त्याचा आधार वहनक्षमता, म्हणजे इजा न होता स्थळ एका वेळी किती माणसे पेलू शकते याचा अंदाज. हा अंदाज वाहनतळाच्या आकारावरून बांधण्याचा मोह सर्वत्र होतो, परंतु गडाचे माप पाणी हेच आहे. मराठेशाहीतील रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतिग्रंथात दुर्गबांधणीपूर्वी पाणी पाहावे, ते नसल्यास खडक फोडून टाकी करावीत आणि राखीव साठा जपावा, असा विचार मांडला आहे; साल्हेरवरील गंगासागर तलाव आणि खडकात खोदलेली टाकी हा त्याच दृष्टीचा प्रत्यक्ष पुरावा होय. ही टाकी पावसाच्या पाण्यावर अवलंबून असल्याने मार्गशीर्षात दिसणारा साठा वैशाखात उरेलच असे नाही, आणि त्यात एकाने साबण लावून केलेले स्नान मागून येणाऱ्या सर्वांचे पाणी बिघडवते.

गर्दी बागलाणला नवी नाही. सटाण्यात देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते, मांगीतुंगीला २०१६ पासून ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीसाठी भाविक येतात. मात्र या स्थळांच्या मागे देवस्थानाची व्यवस्था असते. उघड्या डोंगरावर ती गावालाच उभी करावी लागते. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर फुलांच्या हंगामात प्रवेशसंख्या ठरवून, शुल्क घेऊन, भोवतालच्या गावांच्या समित्यांकडे देखरेख सोपवली गेली, आणि साल्हेरला हेच उदाहरण अधिक लागू पडते, कारण वाघांबे व साल्हेरवाडी येथील घरांत मिळणारी भाकरी, मुक्काम आणि वाटाड्या हीच येथील पर्यटनाची खरी यंत्रणा आहे.

साल्हेर चढणाऱ्याने पिण्याचे पाणी पायथ्याच्या गावातच भरून घ्यावे, जेवण तेथेच सांगून ठेवावे आणि गडावरील टाक्यांत पाय घालू नयेत.